पायाळू काकूंची लाथ

तुमच्या कमरेत उसण भरली, तर तुम्ही कुणाची लाथ खायला तयार व्हाल?

वाशिम जिल्ह्यातल्या इंझोरीत आमच्या गल्लीतल्या काकूंकडे लोक रांगेने यायचे. काकू पायाळू होत्या, म्हणजे जन्मताना त्यांचे पाय आधी बाहेर आले होते. अशा माणसाची लाथ बसली की कंबर मोकळी होते, हा आपल्याकडचा जुना समज. तुम्हीही ऐकला असेल. दुखणाऱ्याने उंबऱ्याशी पालथं झोपायचं. काकू डावी टाच त्याच्या कमरेला लावायच्या आणि लगेच वाकून त्याच माणसाच्या पाया पडायच्या. "राग मानू नको बापा, लाथच हाये ते." एकदा कुणाच्या तरी नव्या जावयाला टाच लावून म्हणाल्या, "हे काम तुह्या सासऱ्याचं होतं, मले करावं लागलं."

माझा संताप व्हायचा. आमच्या घरात देवांच्या तसबिरींपेक्षा अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं जास्त. मी कंबरदुखीवर एक पत्रक लिहिलं आणि थेट त्यांच्या ओसरीवर बसून वाचून दाखवलं. साधी उसण बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप ओसरते, श्रेय मात्र लाथेला मिळतं. खाटेवर पडून राहण्यापेक्षा सोसेल तेवढं चालावं. ओझं उचलताना गुडघ्यात वाकावं, कट्टा, म्हणजे भरलेलं पोतं, अंगाशी धरावा. पण पायातला जोर गेला, मांड्यांमधली जागा बधिर झाली, लघवी अडली, तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठावा. उशीर झाला तर माणूस कायमचा अधू होऊ शकतो.

काकू लसूण सोलत ऐकत होत्या. "झालं तुहं? तुह्या कागदाले कोन इचारते, पोरी? माही लाथ साऱ्याईले पाह्यजे."

"म्हणूनच म्हणते, मारू नका."

"मंग ते लोक तुह्याकडे येतीन काय?"

मी पत्रकाची घडी घालून उठले.

काकूंची स्वतःची कंबर तरी कुठे धड होती? मजुरीने शेतातलं तण निंदायला जायच्या. ओळ संपली की कमरेवर हात ठेवून मागे रेलायच्या. मालक बांधावरून ओरडायचा, "ओ बाई, आभायात काय पाहून राह्यली?"

"तुमचा पाऊस कुठलोक आला ते पाह्यतो, मालक."

पत्रक ऐकल्यावर मात्र त्यांनी ओळीच्या टोकाला सगळ्याच बायांना उभं करायला सुरुवात केली. एक बाई सरळ झाली तर तो आळस ठरतो. साऱ्याजणी एकदम सरळ झाल्या तर मालक नुसता घसा खाकरतो. हे मी कुठल्याही पत्रकात वाचलं नव्हतं.

मग सोयाबीनची सोंगणी, म्हणजे कापणी, आली. शेजारची सून भरलेला कट्टा उचलायला गेली आणि कमरेत कळ भरली. सासू तिला घेऊन आली तेव्हा मी काकूंकडेच होते. तिची एक चप्पल वाटेत निसटून पडली होती, आणि तिला ते कळलंही नव्हतं.

"सोंगनीच्या टायमाले सोंग करून राह्यली," सासू म्हणाली. "द्या एक लाथ, जोरात द्या."

सून पालथी झोपली. काकूंनी पाय उचलला. चप्पल नसलेल्या त्या पायाकडे पाहिलं आणि आपला पाय खाली ठेवला.

"सारे बाहीर व्हा. पोरी, तू थांब."

दार लोटून त्या सुनेच्या कानाशी बसल्या. "लघवी होते काय वो माय?"

सून हुंदके देऊ लागली. "सकायपासून नाही झाली. सांगू कोनाले? घरात सारी मानसं."

काकूंनी दार उघडलं. "गाडी पाहा. हिले वाशिमले न्या, आताच्या आता."

"लाथ मारा म्हटलं तं भाव खाता काय?" सासू भडकली. "उद्यापासून कोनी येनार नाही तुमच्या दारात!"

"नोका येऊ. पन हिले मी पाय लावत नाही."

या गल्लीत काकूंची जी काही इज्जत होती, ती त्या एका टाचेवर उभी होती. ती त्यांनी सगळ्यांसमोर खाली ठेवली. सुनेला वाशिमहून अकोल्याला नेलं, ऑपरेशन झालं. वेळेत आणली, असं डॉक्टर म्हणाले. आज ती चालते, पाय थोडा ओढत.

लोक यायचे थांबले नाहीत. पण काकू आधी विचारायच्या, "लाथ मागून, पयले सांग. लघवी साफ होते ना?" मोठमोठ्या मिशीवाल्यांचे चेहरे लाल व्हायचे.

मागच्या उन्हाळ्यात काकू गेल्या. अजूनही कुणी कंबर धरून गल्लीत येतं, बंद दारापाशी थांबतं आणि विचारतं, आता गावात पायाळू कोण आहे? कुणी नाही, मी सांगते, आणि ओसरीवरच त्याला थोडं बसवून काकूंचा तो प्रश्न विचारते.

तुम्ही एवढं करा. तुमच्या घरात, तुमच्या शेतात जी बाई कमरेवर हात ठेवून काम रेटते आहे, तिला आजच बाजूला न्या आणि विचारा. पायात जोर आहे का? कुठे बधिर वाटतं का? लघवी होते का? लाज वाटेल, तरी विचारा. आणि ती रडायला लागली, तर समजूत काढत बसू नका. गाडी काढा.