मधुदादाचा गुडघा

"बाई, तुमी फक्त एवढंच लिहून द्या, की गुडघा गेला. खेळ बंद."

हे सांगणारा माणूस पेशंट नव्हता. ज्याचा गुडघा, तो अजून माझ्याकडे आलाच नव्हता.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती. शहापूरला एका खाजगी हॉस्पिटलात मी हाडांची डॉक्टर होते. बाईमाणूस हाड बसवते यावर लोकांचा लवकर विश्वास बसत नसे. पेशंट आत यायचे, मला बघायचे आणि विचारायचे, मोठे डॉक्टर कधी येतील? मोठे डॉक्टर म्हणजे हॉस्पिटलचे मालक, आमचे सर. ते पोटाचे सर्जन. हाडाचं काही असलं की ते मलाच हाक मारायचे. पेशंटचा मग नाइलाज व्हायचा.

समोर बसलेल्याचं नाव जनार्दन. वय पंचविशीच्या पुढेमागे. टोकावड्याकडून किन्हवलीमार्गे मोटरसायकलवर आला होता, त्यामुळे भुवयांपर्यंत धूळ. गावच्या कबड्डी संघाचा कॅप्टन. मला कबड्डीतलं काही कळत नव्हतं. शाळेत मुलींना लंगडी आणि खो-खो असायचा. त्यामुळे त्याने मला आधी खेळ समजावला, मग अडचण सांगितली.

एका बाजूला सात गडी. त्यातला एक जण दम धरून, 'कबड्डी कबड्डी' म्हणत पलीकडच्या अंगणात जातो. याला चढाई म्हणतात. कुणाला तरी हात किंवा पाय लावून दम सुटायच्या आत परत यायचं. पलीकडचे त्याला धरून ठेवायला बघतात. ती पकड.

मधुकर नावाचा त्यांचा चढाईपटू. सगळे त्याला मधुदादा म्हणायचे. कोपऱ्यातल्या गड्याकडे पाठ फिरवून त्याला तो मागे टाकलेल्या पायाने टिपून यायचा. मुरबाड तालुक्यात त्याचं नाव होतं. दुसऱ्या गावची माणसंही फक्त त्याची चढाई बघायला यायची. जनार्दनला दम धरायला त्यानेच शिकवलं होतं. आता मधुकर चाळिशीला टेकला होता. मागच्या मोसमापासून तो सारखा पकडला जात होता. म्हसा गावच्या जत्रेच्या सुमारास सामने होते. संघात एक नवा, चपळ गडी बसवायचा होता. त्यासाठी एकाला उठवायला हवं होतं.

मी म्हटलं, मग त्याला तसं सांगा.

"कोण सांगील? मी?" जनार्दन टेबलाकडे बघत बोलला. "त्याच्या हाताखाली शिकलोय ओ मी. आणि दुसरं पण हाय. दादा बौद्धवाडीतला. मी खालच्या आळीतला. मी त्याला काढला, तर गावात त्याचा भलताच अर्थ निघंल. वाडीतली अजून दोन पोरं संघात हायेत. ती दुसऱ्या दिवशी घरी बसतील. डॉक्टरनी सांगितलं म्हटल्यावर कोणाला बोलायला जागा नाय."

मी सांगितलं की खोटं सर्टिफिकेट मी देत नाही. तो म्हणाला की दादाचा गुडघा अधूनमधून सुजतो, त्यालाच तुमच्याकडे पाठवलंय, निदान बघा तरी. बघेन म्हटलं. आणि हेही म्हटलं की तुम्ही इथे येऊन जे बोललात, ते मी त्यांच्यापाशी काढणार नाही. तो उठला, दारापर्यंत गेला आणि परत वळून म्हणाला, गुडघा खरंच खराब निघाला तर बरं होईल. मग आपण काय बोललो हे त्याच्या लक्षात आलं असावं. मान खाली घालून निघून गेला.

त्याच आठवड्यात मधुकर आला. तो भातसानगरला धरणावर नोकरीला होता. राहायला बायकोसह तिथेच, कॉलनीत. गावाला रविवारी जायचा. उंच, सडपातळ, बोलायला सावकाश. मी मोठ्या डॉक्टरांची वाट न बघता तपासायला घेतलं, तरी त्याने काही विचारलं नाही.

गुडघ्याची रचना सोपी आहे. मांडीचं हाड वर, नडगीचं खाली. मधे दोन गाद्या. सगळं जागेवर ठेवायला चार दोऱ्या. या दोऱ्यांना आम्ही लिगामेंट म्हणतो. कबड्डीत पाय धरलेला असताना माणूस उलटा वळतो, तेव्हा दोरी तुटते नाहीतर गादी फाटते. ते बघायला एक साधी तपासणी असते. पेशंटला झोपवून गुडघा वाकवायचा आणि नडगी दोन्ही हातांनी पुढे ओढायची, टेबलाचा खण ओढावा तशी. खण बाहेर आला तर दोरी गेली. मधुकरचा खण हलला नाही. गादीचीही तक्रार नव्हती. एक्स-रे काढला. वयाच्या मानाने फिल्म फारच चांगली होती. थोडं पाणी धरत होतं, ते विश्रांतीने जाणारं होतं.

मी त्याला आनंदाने सांगितलं की गुडघा उत्तम आहे. त्याचं तोंड उतरलं.

"थोडा पण खराब नाय?" त्याने विचारलं.

"नाही."

"तुमी नीट बघितलं ना?"

मी म्हटलं, नीट बघितलं. तो बराच वेळ पँटची घडी खाली ओढत बसला. मग त्याने जे सांगितलं, ते ऐकताना चेहरा सरळ ठेवणं मला कठीण गेलं. त्याला खेळ सोडायचा होता. आपला वेग गेला हे त्याला मागच्या मोसमातच कळलं होतं. पोरं आपल्याला मानापोटी ठेवतात, जनाला, म्हणजे जनार्दनला, तोंड उघडून बोलता येत नाही, हेही कळत होतं. पण आपण होऊन सोडलं, तर वाडीतले म्हणणार, गाववाल्यांनी तुला काढला आणि तू झाकतोयस. मग ती दोन पोरं संघ सोडणार. त्या दोघांना संघात घ्यायला लावण्यात त्याने काही वर्षं घालवली होती.

"डॉक्टरनी बंद केलं म्हटलं, की भांडायला कोण उरत नाय," तो म्हणाला. "लिहा ना बाई. गुडघा माझाच हाय."

तुमचा कॅप्टनही हेच मागून गेला, असं सांगून टाकावंसं वाटलं, पण जनार्दनला शब्द दिला होता. मग मी नोकरीचं विचारलं. धरणावर नेमकं काय काम? तो म्हणाला, दरवाज्यांची देखभाल. शिड्या, लोखंडी जिने, ग्रीस लावायला वर चढणं. मी त्याला विचारलं की गुडघा कायमचा गेला असं डॉक्टरांच्या सहीने लिहिलेलं उद्या साहेबांच्या टेबलावर पोचलं, तर त्याला त्या शिडीवर कोण चढू देईल? गावातली गोष्ट भातसानगरला पोचायला किती वेळ लागतो?

हे त्याच्या डोक्यात आलेलं नव्हतं. तो एक्स-रेचं पाकीट घेऊन उठला.

संध्याकाळी मी सरांना सगळं सांगितलं. नावं वगळून.

"लिहून टाका की," सर म्हणाले. "एकाला काढायचंय, दुसऱ्याला निघायचंय. नुकसान कुणाचं?"

मी शिडीचं सांगितलं.

"मग नका लिहू." सरांचे निर्णय असे झटपट असत. "पण त्यांना सांगणार काय?"

"खरं ते."

"ते तर दोघांनाही माहीत आहे. फक्त एकमेकांना सांगितलेलं नाही."

सर गाडीत बसून घरी गेले. मला मात्र त्यांच्या शेवटच्या वाक्याने वाट दाखवली.

मी मधुकरला निरोप पाठवला की पुन्हा दाखवायला या आणि येताना संघातलं जबाबदार माणूस सोबत आणा. पुढच्या शनिवारी दुपारी तो जनार्दनला घेऊन आला. दोघांचे चेहरे बघण्यासारखे होते. मी कुणाचं गुपित फोडते याची दोघांनाही धास्ती. मी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि जनार्दनला गाद्या, दोऱ्या, हाडं सगळं दाखवलं.

"गुडघा शाबूत आहे," मी म्हटलं. "खेळता येणार नाही असं मी लिहून देऊ शकत नाही. त्यांनी खेळावं की नाही, हे गुडघ्याला विचारून कळणार नाही. ते तुम्ही दोघांनी बोलायचं. मी शेजारच्या खोलीत आहे."

चहा सांगितला आणि बाहेर गेले. शेजारच्या खोलीत एका मुलीच्या हाताचं प्लास्टर कापायचं होतं. मधे नुसती प्लायवूडची भिंत. ऐकायचं नाही ठरवलं तरी ऐकू येत होतं. पण ऐकायला काहीच नव्हतं. चहा आला, कप वाजले, तरी कुणी बोलेना. मी मुलीचा हात मोकळा केला, तिला बोटं हलवायला लावली.

मग मधुकरचा आवाज आला.

"जना, मी थांबू का रे?"

कप खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग जनार्दन म्हणाला, "दादा, मीच तुला सांगायला पायजे होतं."

"मंग सांगितलं का नाय?"

"तोंड नाय झालं."

"माझं तरी कुठं झालं?"

त्यानंतर खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि मोठ्या माणसाने रडणं दाबल्यावर येतो तसला आवाज. तो कुणाचा होता ते मला सांगता येणार नाही. मुलीच्या आईने माझ्याकडे बघितलं. मी तिला तेलाचं मालीश करू नका म्हणून सांगितलं.

मी परत आत गेले तेव्हा त्यांचं ठरलं होतं. मधुकर जत्रेच्या सामन्यात एकदा शेवटचं उतरणार. संघ पुढे असेल तरच, हा त्याचा हट्ट. आणि आपण थांबतोय हे तो स्वतः माइकवर सांगणार, वाडी आणि गाव दोन्ही समोर असताना. जनार्दनने मला सामन्याचं आमंत्रण दिलं. मी हो म्हटलं, ते जायचं म्हणून नाही, तर पुढचा पेशंट ताटकळला होता म्हणून.

पण गेले. आयुष्यात पाहिलेला माझा पहिला कबड्डी सामना. मैदान टोकावड्याच्या अलीकडे, भात कापून झालेल्या शेतात. माती चाळून, पाणी मारून गुळगुळीत केलेली. मला बायकांच्या बाजूला खुर्ची दिली. शेजारी मधुकरची बायको येऊन बसली. तिने स्वतःची ओळख करून दिली आणि सांगितलं, लग्न झाल्यापासून एक रविवार हा माणूस घरात दिसलेला नाही. आता दिसेल तर काय बोलायचं त्याच्याशी, असंही म्हणाली. ती थट्टा करत नव्हती.

नवा गडी खरंच चपळ होता. दुसऱ्या डावात संघ बराच पुढे गेला आणि जनार्दनने बाहेर बघून हात केला. मधुकर उतरला. लोक उभे राहिले, त्यामुळे मलाही उभं राहावं लागलं. त्याने मधल्या रेषेला हात लावून कपाळाला लावला आणि चढाईला गेला. कोपऱ्यापर्यंत गेला, पाठ फिरवली, पाय मागे गेला, आणि तो परत आलासुद्धा. काय झालं ते मला कळलं नाही. लोकांच्या ओरडण्यावरून कळलं की गडी बाद झाला.

तिथेच थांबला असता तर गोष्ट छान झाली असती. तो पुन्हा गेला. या वेळी त्याच कोपऱ्यातल्या गड्याने घोटा धरला, बाकीचे वर पडले, आणि धुळीत मधुकर दिसेनासा झाला. पंचांची शिट्टी वाजली. पकड. ढीग सुटला तेव्हा तो मातीत उताणा पडून हसत होता. ज्याने घोटा धरला होता, त्या गड्याने त्याला हात देऊन उठवलं आणि मग वाकून त्याच्या पायाला हात लावला.  बायकांच्या बाजूला कुणीतरी हुंदका दिला. शेजारी बघितलं तर मधुकरची बायको कोरड्या डोळ्यांनी समोर बघत होती. हातातला पदर तेवढा तिने पिळून पिळून दोरीसारखा केला होता.

सामना संपल्यावर माइक जनार्दनच्या हातात आला. तो दोन शब्द बोलला आणि पुढचं त्याला जमेना. मधुकरने माइक काढून घेतला.

"मला कोणी काढलेलं नाय," तो म्हणाला. "मी थांबतोय. माझा टाइम झाला. गुडघा शाबूत हाय, डॉक्टरबाई तिथं बसल्यात, त्यांना विचारा. वाडीतली दोन पोरं संघात हायेत, ती खेळणार. दर रविवारी मी मैदानात येणार. खेळायला नाय, ओरडायला."

लोकांनी खरंच येऊन मला विचारलं. वाडीतल्या एका म्हाताऱ्याने तर दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा शाबूत म्हणून सांगितलं. तोवर तिकडे लोकांनी मधुकरला खांद्यावर घेतलं होतं. एका बाजूने जनार्दन, दुसऱ्या बाजूने वाडीतलं एक पोरगं. उंची सारखी नसल्याने तो वाकडाच बसला होता.

निघताना पाणी प्यायला मंडपामागच्या पिंपाकडे गेले. तिथे तो एकटा उभा राहून तोंड धूत होता. पुन्हा पुन्हा धूत होता. मला बघून म्हणाला, माती गेली डोळ्यात. मी डोळ्यांची डॉक्टर नाही, त्यामुळे तपासलं नाही.

संघ पुढच्याच फेरीत हरला. ती दोन पोरं खेळत राहिली, त्यातला एक पुढे कॅप्टन झाला. मधुकर रविवारी मैदानात ओरडत राहिला. त्याच्या बायकोला शेवटपर्यंत रविवार मोकळा मिळाला नाही.

माझ्याकडे मात्र त्यानंतर मुरबाडकडचे खेळाडू बरेच यायला लागले. मोठे डॉक्टर कधी येतील, असं त्यांच्यापैकी कुणी विचारलं नाही. त्यांच्यातल्या काहींना गुडघ्याचं काही झालेलं नसायचं. मी तरीही तपासायची. आधी गुडघा, मग घरात आणि संघात कोण कुणाशी किती दिवसांत बोललेलं नाही ते. हे दुसरं आम्हाला कॉलेजात शिकवलं नव्हतं आणि त्याची वेगळी फीही लावता येत नाही.