बाबांच्या खुर्चीला नवं कापड

पोरगी दहा वर्षांची. अंगाने काडी, पण तोंड असं की समोरच्याने आपणहून दोन पावलं मागे सरकावं. नव्या घरात आल्यावर दुसऱ्याच दिवशी तिथल्या आजीने तिला नाव ठेवलं, ठसकी. "आल्यापासून घशात अडकलीय नुसती," आजी म्हणाली. पोरीला नाव आवडलं. आपण कुणाच्या तरी घशात अडकलोय, याचा तिला मनापासून आनंद झाला.

तिचे बाबा बस चालवायचे. आजारपणात गेले. काही वर्षांनी आईने एका सोफावाल्याशी लग्न केलं. त्याची बायको कधीच वारलेली, घरात त्याची म्हातारी आई आणि ठसकीहून तीनेक वर्षांनी मोठी मुलगी, ताई. खाली त्याचं दुकान, सोफे दुरुस्त करायचं, आणि वर तीन खोल्या. माणूस वाईट नव्हता हो! कष्टाळू, कमी बोलणारा, हाताला कायम डिंकाचा वास. पण ठसकीला तो चांगला असण्याचाच जास्त राग यायचा. वाईट असता तर सोपं झालं असतं.

पहिला घोटाळा हाक मारण्यावरून झाला. 'बाबा' म्हणायचा प्रश्नच नव्हता. 'काका' म्हण म्हटलं तर म्हणे, काका मला आहेत, आणखी नकोत. मग एके दिवशी त्याला जेवायला बोलवायला पाठवली, तर जिन्यावरून आईसारखीच ओरडली, "अहो! ताटं वाढलीत!" खाली गिऱ्हाइकं हसून हसून लोळायची बाकी राहिली. त्या दिवसापासून तिने त्याला काहीच म्हणायचं नाही असं ठरवलं. काही हवं असलं की त्याच्या समोर जाऊन उभी राहायची आणि एकदम बोलायला लागायची.

जुन्या घरातून तिने एकच गोष्ट आणली होती, बाबांची खुर्ची. सामान हलवताना आई म्हणाली, तिकडे सोफ्यांचंच दुकान आहे गं, हे धूड कशाला? ठसकी जाऊन बसली आणि खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून म्हणाली, "मग मला उचलूनच काढावं लागेल." टेम्पोवाल्याने शेवटी खुर्ची उचलली, ती उतरली नाही म्हणून तिच्यासकट.

खुर्ची दिसायला टाकाऊ होती, खोटं कशाला बोला. तपकिरी कापड विटलेलं, पाठीवर बाबांच्या डोक्याच्या तेलाचा काळपट गोल डाग. उजव्या हातावर एक भोक. ते ठसकीनेच केलेलं. बाबा ड्युटीवरून आले की खुर्चीत पडायचे आणि दिवसभराच्या प्रवाशांच्या गोष्टी सांगायचे. ती हातावर बसायची आणि ऐकता ऐकता बोटाने आतला काथ्या उकरायची. "खुर्चीला उंदीर लागलाय," बाबा म्हणायचे, पण हात कधी धरला नाही. नव्या घरातही ती शाळेतून आली की त्यात बसायची, भोकात बोट घालायची आणि मग कुठे तिला भूक लागायची.

सोफावाला हे रोज बघायचा. आणि त्याला काय वाटलं असेल? बिचाऱ्याला वाटलं, पोरगी फाटक्या खुर्चीत बसते, आणि आपण लोकांचे सोफे मखमलीने मढवतो, लाज कशी वाटत नाही आपल्याला! एकदा ठसकी शाळेला गेली तशी त्याने खुर्ची खाली नेली. हातातलं सगळं काम बाजूला ठेवलं. जुनं कापड ओरबाडून काढलं, स्प्रिंगा आवळल्या, नवा फोम भरला, आणि एका मोठ्या हॉटेलच्या कामातून उरलेली हिरवीगार मखमल चढवली. पाठीला बटणंसुद्धा लावली. एवढं मन लावून त्याने हॉटेलचंही काम केलं नसेल.

ठसकी आली तेव्हा सगळे पुढच्या खोलीत उभे होते. आजी, ताई, आई. सोफावाला दारात, हात पुसत, ओठांत हसू दाबत.

"कशी झालीय?" तो म्हणाला.

ठसकी जवळ गेली. तिने खुर्चीच्या उजव्या हातावरून बोट फिरवलं. मग परत फिरवलं.

"भोक कुठाय?"

"बुजवलं!" तो केवढ्या अभिमानाने म्हणाला.

"आणि कापड?"

"ते होय? ते सकाळीच गेलं, कचऱ्याच्या गाडीत."

पोरगी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिने दप्तर खाली टाकलं आणि भिंतीला टेकून जमिनीवर बसली. "अगं, निदान दोन शब्द चांगले बोल!" आजी म्हणाली. "दिवसभर खपलाय तो." ठसकीने तोंड उघडलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. खुर्चीत बसणं तर लांबच, ती वळसा घालून जायची. घरात कुजबुज सुरू झाली. कृतघ्न आहे, हट्टी आहे, बापाविना वाढल्यावर असंच व्हायचं. हे शेवटचं आजीचं, आणि ते ठसकीने ऐकलं.

कपडे वाळत घालताना आईने तिला गॅलरीत गाठलं. "एकदा 'छान झालीय' म्हण. काय झिजतं तुझं?"

"तूच म्हण."

"मी म्हटलं. आपल्याला इथे राहायचंय गं, राणी."

"मला बाबांना घेऊन राहायचं होतं," ठसकी म्हणाली. आईच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. मग ती चिमटा लावायला वळली आणि पोरीकडे पाठ करून बराच वेळ एकच टॉवेल सारखा करत बसली.

रविवारी दुपारी सोफावाला कुणाच्या तरी घरी मापं घ्यायला गेला. आई बाजारात, आजी आत घोरत होती. ठसकी खाली दुकानात गेली, पक्कड आणि खिळे उपसायचं अवजार घेऊन वर आली, आणि खुर्चीच्या बैठकीवर तुटून पडली. मखमल काही हलेना. दोन खिळे निघाले, बोटाला रक्त आलं.

"वरून नाही निघत ते." दारात ताई उभी होती. "आधी खुर्ची उलटी कर. खालचं अस्तर, मग पाठीमागचं कापड, बैठक सगळ्यात शेवटी."

ठसकी पक्कड रोखून उभी राहिली. "सांगणारेस ना जाऊन?"

"सांगायला कशाला हवं? दिसेलच की." ताई खाली बसली. "माझ्या खोलीत तुझी गादी टाकली तेव्हा मला कुणी विचारलं होतं? माझं अर्धं कपाट तुला दिलं, विचारलं? पप्पा असेच आहेत. चांगलं करतात आणि विचारत नाहीत. धर तिकडून."

दोघींनी मिळून खुर्ची उलटी केली. आता ती खुर्ची सोलून निघायला कितीसा वेळ लागणार! मखमल उतरली, बटणं टपाटप सुटली, फोम बाजूला झाला. उरला लाकडी सांगाडा, पट्टे आणि उघड्या स्प्रिंगा. आणि नेमका तेव्हाच जिन्यावर पाय वाजला. सोफावाला आणि आई, दोघं एकदमच आत आले.

आजी जागी होऊन बाहेर आली आणि किंचाळली, "अगं बाई, सत्यानाश केला कार्टीने!" आईने पिशवी टाकली आणि हात उगारला. ठसकी हलली नाही. मान वर करून तशीच उभी राहिली.

"थांब," सोफावाला आईला म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. तो जमिनीवर पडलेल्या मखमलीकडे बघत राहिला. "का?" एवढंच तो शेवटी म्हणाला.

"खुर्ची माझ्या बाबांची आहे. माझी आहे. विचारायचं होतं मला!" आता मात्र ठसकीचा आवाज फुटला. "त्यावर त्यांचं डोकं टेकायचं. ते तुम्ही कचऱ्यात टाकलं. परत आणून द्या! नाही ना आणता येत? मग मी नाही चांगलं म्हणणार. कधीच नाही म्हणणार. घरातून काढा हवं तर!"

सोफावाला हळूच खाली बसला, मखमलीवरच. या माणसाच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द त्याच्या आईनेही आजवर ऐकला नव्हता.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "मला तो डाग वाटला गं. नुसता डाग." जरा थांबून त्याने विचारलं, "आता काय करायचं हिचं? तू सांगशील तसं."

या घरात तिला काही विचारलं गेलं ते हे पहिल्यांदा. ठसकीने नाक पुसलं. "काही नाही. अशीच राहू दे."

"स्प्रिंगा टोचतील."

"टोचू देत."

आणि खुर्ची तशीच राहिली, पुढच्या खोलीत, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. सोफावाल्याच्या घरात उघडी खुर्ची, लोकांना आयता विषय मिळाला. आजीने पाहुणे आले की चादर टाकायचा प्रयत्न केला, ठसकी ओढून काढायची. "काय हो, स्वतःच्या घरचीच राहिली वाटतं?" वर चहाला आलेलं एक गिऱ्हाईक खोचकपणे म्हणालं. "ती माझ्या हातात नाही," सोफावाला म्हणाला. "मालकीण शाळेत गेलीय. संध्याकाळी या आणि तिला विचारा."

त्यानंतरची गोष्ट. सोफावाला दिवसभर एक अवजड दिवाण उचलून कंबर धरून वर आला. पलंगावर आजीने निवडायला धान्य पसरलेलं, बाकड्यावर कपड्यांचा ढीग. रिकामी होती ती फक्त खुर्ची. तिच्यावर ठसकीने एक उशी ठेवली होती. तो खुर्चीपाशी थांबला.

"बसू का?" त्याने विचारलं.

आई स्वयंपाकघराच्या दारात आली. ताईने पुस्तकातून मान वर केली. ठसकीने त्याच्याकडे नीट बघितलं. कंबरेवरचा हात बघितला, घामेजलेला शर्ट बघितला. तिला वाईट वाटलं. खरंच वाटलं.

"नाही," ती म्हणाली.

"बरं," तो म्हणाला, आणि भिंतीला टेकून जमिनीवर बसला.

आई काही बोलणार होती, त्याने हातानेच नको म्हटलं. ठसकीला रागवायचं होतं, पण रागवायला कुणी शिल्लकच नव्हतं. मग तिने खुर्चीवरची उशी उचलली, त्याच्या समोर जाऊन उभी राहिली, आणि नेहमीसारखीच एकदम बोलायला लागली, "ही कंबरेमागे घ्या. आणि उद्या परत विचारा."