दोन साडूंचे सासरे

जे आजवर बायकोलाही सांगितलं नाही ते सांगायचं, तर आधी आप्पा सांगावे लागतात. कारण दोन कंपन्यांचा सासरा झालेला दुसरा माणूस उभ्या पुणे जिल्ह्यात नसेल. भीमेकाठच्या आमच्या गावच्या दूधसंस्थेनं त्या काळी पशुखाद्याच्या दोन कंपन्यांचे शेअर घेतले होते. एक शिरूरची, जिथं मी विक्री सांभाळायचो, आणि दुसरी दौंडची. दोन्हीकडच्या सभांना संस्थेतर्फे आप्पा जात. “एका घरच्या दोन लेकी दिल्यात. म्हंजी तुमी साडू,” असं ते आमच्या साहेबांना भर सभेत सुनावत. लेकी म्हणजे संस्थेचा पैसा. सभेतला चहा मात्र घेत नसत. नातवंड झाल्याशिवाय लेकीच्या घरचं पाणी घेऊ नये, आणि नातवंड म्हणजे लाभांश. तो जाहीर होईपर्यंत आप्पा फेटा सावरत पिशवीतल्या बाटलीतलं पाणी पीत.

आमचा ट्रक दौंडच्या रेल्वे मालधक्क्यावरून सरकी आणायला रिकामा जाई, त्यांचा शिरूरच्या बाजारातून मका न्यायला रिकामा येई. “साडूच्या दारावरनं रिकाम्या हातानं जाताय, लाज न्हाई वाटत?” आप्पांनी दोन्ही साहेबांना इतकं छळलं, की जाता-येता एकमेकांचा माल नेणं सुरू झालं. दोघांचंही डिझेल वाचलं, त्यातून पहिला लाभांश जाहीर झाला, आणि आप्पांनी पहिल्यांदा कंपनीचा चहा घेतला, तोही बशीत ओतून, फुर्र करत.

त्या मालाच्या निमित्तानं दौंडच्या विक्रीवाल्याशी माझी रोजची बोलणी सुरू झाली, आणि एकदा मीच म्हणालो, पोत्याचा भाव दोघांनी एकदमच वाढवू. वाढवला. पोती घेणारे आमच्याच दूधसंस्थेचे सभासद होते. आमच्याकडच्या वडगाव रासाईत आणि दौंडकडच्या राहूत एकच भाव, हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं. संस्थेच्या सभेत कुणीतरी म्हणालं, “दोन्हीकडं बसतंय कोण? आप्पाच की.” आप्पा फेटा सावरत उठले. मग म्हणाले, “मी भाव बोललो न्हाई. पर साडूंची गाठ मीच घातली, व्हय.” त्यांचं प्रतिनिधिपद गेलं. मीही संस्थेचा सभासद, मागच्या सतरंजीवर मान खाली घालून बसलो होतो. पुढच्याच आठवड्यात मी आणि दौंडच्या विक्रीवाल्यानं गुपचूप भाव उतरवला. तोंड मात्र उघडलं नाही.

ट्रक अजून एकमेकांचा माल नेतात. आप्पा आता थकलेत, ओट्यावर बसून रस्त्यानं जाणारा ट्रक भरलेला दिसला की म्हणतात, “नांदत्यात पोरी.” परवा मला हाक मारून त्यांनी चहा पाजला. मी घेतला.

येत्या सभेत पुढच्या सतरंजीवर बसायचं ठरवलंय. भाव मी ठरवला होता, आप्पांनी नाही. चार माणसांत उभं राहून एवढं सांगणं, हे मी त्यांचं देणं लागतो.