बाब क्रमांक एकतीस: खिडकीतून नदी

माझी थोरली बहीण अठ्ठावीस वर्षं एका महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात प्रयोगशाळा साहाय्यक होती. नेमणुकीच्या पत्रात तिचं काम काचसामान धुणं आणि टेबलं पुसणं एवढंच लिहिलेलं. प्रत्यक्षात विभागातला पानाफुलांचा सगळा संग्रह तिनेच उभा केला. विद्यार्थ्यांनी सहलीहून आणलेल्या फांद्या ती जुन्या वर्तमानपत्रांत घालून लाकडी चौकटीत दाबून ठेवायची. ओला झालेला कागद रोज बदलायची. पान खडखडीत वाळलं की ते जाड कागदावर दोऱ्याने टाचायचं आणि उजव्या कोपऱ्यात लेबल लावायचं: नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणारा, शेरा. असे साडेचार हजार कागद तिच्या अक्षरात तिथल्या कपाटांमध्ये आहेत. प्राध्यापक आले आणि गेले, कपाटांच्या किल्ल्या मात्र ताईकडेच राहिल्या. नवा प्राध्यापक एखाद्या झाडापाशी अडला की इकडे तिकडे बघून हळूच तिला विचारायचा.

घरी या कामाचा विषय निघायचा तो तिच्या कपड्यांना गवताचा वास येतो, एवढ्यापुरता.

मी वाणिज्य शाखेचा. लहानपणी गोट्यांचीसुद्धा रंगाप्रमाणे यादी ठेवायचो, म्हणून ताई मला 'कारकून' म्हणते. आता माझ्याच निवृत्तीला सात महिने उरलेत, पण हाक तीच आहे.

आमचं लहानपण नदीकाठच्या घरात गेलं. स्वयंपाकघराची खिडकी पाण्यावर उघडायची. ताई भांडी पुसताना तिथे उभी राहायची आणि एकेक ताटली पाच-पाच मिनिटं पुसायची. आई म्हणायची, "नक्षी जाईल तिची." लग्नानंतर तिच्या वाट्याला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आला. त्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर छापखान्याची मागची भिंत होती. तेहतीस वर्षं तिने भांडी भराभर पुसली.

दाजी, म्हणजे तिचे यजमान, एका वाहतूक कंपनीतून निवृत्त झाले आणि त्यांनी फ्लॅट विकून डोंगरातल्या थंड हवेच्या लहान गावात राहायला जायचं ठरवलं. ताईची नोकरी माझ्यासारखी अठ्ठावन्नपर्यंत नाही, साठीपर्यंत होती; अजून दोन वर्षं उरली होती. "दोन वर्षांसाठी कुठे अडकून बसतेस," असं दाजी म्हणाले, आणि मीही तेच म्हणालो. ती किल्ल्या घेऊन रोज कामावर जात राहिली. मग जून महिन्यात दाजींनी एक घर हेरलं आणि बघायला मला सोबत घेतलं. ताईच्या विभागात त्या आठवड्यात प्रात्यक्षिक परीक्षा होत्या.

"पुढच्या आठवड्यात जाऊ की, मी मोकळीच आहे," ती म्हणाली.

"तोवर घर जाईल. आणि कागदपत्रं बघायला कारकून आहे ना बरोबर," दाजी म्हणाले.

घर तपासायची माझी एक यादी आहे, एकेचाळीस बाबींची. नळाला बादली भरायला किती वेळ लागतो, भिंतीला ओल, दारांच्या कड्या, गच्चीचा उतार, शेजाऱ्यांचा कुत्रा. मी टेप लावून खोल्या मोजल्या, सगळी बटणं दाबून पाहिली, मोरीत पाणी ओतून ते कुठे जातं ते बाहेर जाऊन पाहिलं. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर दोन मोठी, दाट झाडं होती. पलीकडचं काही दिसत नव्हतं.

दलाल म्हणाला, "आत्ता पानं आड येतात. शरदात झाड मोकळं झालं की इथून नदी दिसते. चहा घ्यायचा आणि नदी बघायची. आणखी काय पाहिजे या वयात?"

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना ताईची ती जुनी खिडकी माहीत होती. माणूस वाईट नाही. मी एकतिसाव्या बाबीपुढे, 'खिडकीतून काय दिसते', तिथे 'नदी (शरदात)' असं लिहिलं आणि बरोबरची खूण केली. एकेचाळीसपैकी चाळीस गोष्टी मी हात लावून तपासल्या होत्या.

नदीचं नाव काढल्यावर ताईने राजीनामा दिला.

सामान हलवलं त्या दिवशी मीही गेलो होतो. घराची सगळी कागदपत्रं मी एका फाइलमध्ये लावून दिली. पहिल्या पानावर अनुक्रमणिका, एकूण सोळा कागद, सोळावी माझी यादी. हमाल खोकी आत आणत होते तेव्हा ताई स्वयंपाकघरात गेली आणि खिडकीशी उभी राहिली. बराच वेळ बाहेर आली नाही म्हणून मी पाहायला गेलो. गजातून हात बाहेर काढून तिने एक पान तोडलं होतं आणि ते चिमटीत धरून वाकवून बघत होती. जाड, गडद, चामड्यासारखं पान.

"शरदात दिसणार म्हणता," ती म्हणाली.

"दलाल म्हणाला."

"दलाल म्हणाला. बरं."

संध्याकाळी खोकी उघडली. ताईची एक लोखंडी ट्रंक तेवढी कुलूपबंद राहिली. तिच्यात तिची पुस्तकं, भिंग, चौकटी, चांगले कपडे, आईची ताटली. दाजी म्हणाले, "ती पण उघड की."

"शरदात नदी दिसू दे. मग उघडते. नाही दिसली तर उचलून परत न्यायला सोपी. डिसेंबरपर्यंत माझी जागा भरणार नाहीत, असं विभागप्रमुख म्हणालेत."

आम्ही दोघं हसलो. तीही हसली, त्यामुळे आम्हाला ती गंमत वाटली.

पुढचे तीन महिने दाजींनी शरदाची जशी वाट पाहिली तशी स्वतःच्या पेन्शनचीसुद्धा पाहिली नसेल. खिडकीशी ठेवायला वेताची खुर्ची आणली. काच रोज पुसायचे. फोनवर मला सांगायचे, "हवा बदलतेय. सकाळी गार लागतं आता." मग म्हणायचे, "समोरच्या गल्लीतली पिवळी पडायला लागली. आपली थोडी मागे आहेत." आपली झाडं म्हणजे जणू शाळेत मागे पडलेली मुलं. मी ताईला फोन द्यायला सांगायचो, तर ती माझ्या गुडघ्याची चौकशी करायची. झाडांबद्दल तिने एक अक्षर काढलं नाही. मीही विचारलं नाही. नव्या गावात अजून रुळली नसेल, असं मी धरून चाललो. ताई गप्प असली की काहीतरी धरून चालायची आम्हा सगळ्यांना सवय आहे.

ऑक्टोबर संपताना मी चार दिवसांची रजा काढून गेलो. रस्ताभर पाचोळा. गल्लीतली झाडं पार खराट्यासारखी झाली होती आणि आकाश एकदम मोठं वाटत होतं. दाजी झाडू घेऊन ओट्यावर उभे होते. वाऱ्याने आलेली दुसऱ्यांची पानं लोटत होते. त्यांची दोन झाडं जूनमध्ये होती तशीच, हिरवीगार, गच्च.

"यंदा उशीर आहे," ते मला म्हणाले.

गल्ली झाडणारी बाई फाटकाशी टेकून दम खात होती. पन्नाशीची, डोक्याला रुमाल बांधलेली. ती हसायला लागली. "काका, उशीर कसला? ही गळणारी झाडं नाहीत. बारा महिने अशीच. सगळ्या गल्लीत तुमचंच दार माझ्या कमरेला सोसतं."

दाजींनी एकदा झाडांकडे पाहिलं. झाडू भिंतीला टेकवला, दोनदा घसरला, तिसऱ्यांदा नीट उभा केला. मग आत गेले. ताई कणीक मळत होती.

"ही झाडं गळत नाहीत," दाजी म्हणाले.

"नाही गळत."

"तुला माहीत होतं?"

"आले त्या दिवशीच कळलं."

"मग सांगितलं का नाहीस? तीन महिने मी वेड्यासारखा..."

ताईने हात थांबवला नाही. "तुम्ही विचारलंत कुठे? अठ्ठावीस वर्षं मी पानांना लेबलं लावली. घर घेताना झाडाचं तुम्ही दलालाला विचारलंत. बरोबर माझा भाऊ होता, त्याने खूण केली. मीही शरदाचीच वाट बघत होते. म्हटलं, दोघांपैकी एकजण तरी फोनवर, चहा घेताना, कधीतरी विचारेल. अगं, हे झाड कुठलं?"

दाजी खुर्चीवर बसले. त्याच वेताच्या. तिथूनच म्हणाले, "माणूस बोलावून छाटून घेऊ. उद्याच."

"छाटा. मागे गोदामाची भिंत आहे. दुसऱ्या आठवड्यात वळसा घालून बघून आले. छापखान्याच्या भिंतीपेक्षा उंच आहे, आणि रंग तरी दिलेला होता त्या भिंतीला."

"आणि नदी?"

"नदी आहे की. पाऊण तास चालत. गावाच्या दुसऱ्या टोकाला."

दाजी उठले आणि चपला घालून बाहेर निघून गेले. फाटक उघडंच राहिलं. ताईने कणकेवर भांडं उपडं घातलं, हात धुतले आणि माझ्यासमोर बसली.

"कारकून, एक विचारू? कॉलेजात माझी जागा अजून रिकामी आहे. तुझी मागची खोलीपण रिकामी आहे ना?"

रिकामी होती. पण निवृत्तीनंतर तिथे माझं टेबल लावायचं ठरलं होतं. सुतार माप घेऊन गेला होता. शिवाय आम्हा नवरा-बायकोच्या घरात तिसरं माणूस म्हणजे न्हाणीघराच्या वेळा आल्या. हे सगळं माझ्या डोक्यात एका ओळीत, क्रमाने आलं. मला ते थांबवता आलं नाही.

मी म्हणालो, "हिच्याशी बोलून सांगतो."

ताई माझ्याकडे बघत राहिली. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. लहानपणी मी गोट्या मोजताना चुकलो की ती अशीच बघायची आणि मी स्वतःहून पुन्हा मोजायला घ्यायचो. या वेळी मी टेबलावरचं पीठ बोटाने गोळा करत बसलो.

"बोल," ती म्हणाली. "नीट विचार. नळाला पाणी किती वेळ येतं तेही बघून घे."

मग तिने किल्ली काढली, आतल्या खोलीत गेली आणि ट्रंकेचं कुलूप उघडलं. चांगले कपडे कपाटात लावले. पुस्तकं फळीवर. आईची ताटली स्वयंपाकघरात आणून खिडकीखालच्या मांडणीत उभी केली. सगळं काम तिने अर्ध्या तासात उरकलं. दाजी परत आले तेव्हा रिकामी ट्रंक पलंगाखाली गेली होती. ती बघून त्यांचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, राग गेला.

घरी आल्यावर मी हिच्याशी बोललो. ही म्हणाली, "येऊ देत की, त्यात काय विचारायचं?" मी त्याच संध्याकाळी फोन केला. ताई म्हणाली, "राहू दे आता. टेबल लाव तू."

नोव्हेंबरात दाजींना घराच्या कराची पावती सापडेना, म्हणून मला पुन्हा जावं लागलं. मी फाइल उघडली. पावती जागेवरच होती, नवव्या क्रमांकावर. फाइल बंद करताना शेवटी काहीतरी जाड लागलं. माझ्या यादीच्या मागे आणखी एक कागद होता. जाड, पांढरा. त्यावर दोऱ्याने टाचलेलं एक पान, गडद, चामड्यासारखं, अजून बऱ्यापैकी हिरवं. उजव्या कोपऱ्यात ताईच्या अक्षरातलं लेबल. लॅटिन नाव मला वाचता आलं नाही. ठिकाण: स्वयंपाकघराची खिडकी. तारीख: सामान हलवलं त्या दिवसाची. गोळा करणारा या रकान्यात तिचं नाव होतं.

शेरा: सदाहरित. पानगळ नाही.

ते सगळे महिने ती फाइल स्वयंपाकघरातल्याच फळीवर होती. दाजींच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर.

स्वयंपाकघरातून ताटली पुसल्याचा आवाज आला आणि लगेच ती ठेवल्याचा. मी खिशातून पेन काढलं, अनुक्रमणिकेत सतरावा क्रमांक घातला आणि पुढे काय लिहावं याचा विचार करत बसलो. ती ओळ अजून कोरी आहे.