दहा रुपयांची रिकामी बाटली
जिरा सोड्याचा वास आला की अजून माझं डोकं फिरतं. निपाणी स्टँडवर आमची बेळगावची बस उभी होती आणि एक सोडेवाला खिडक्यांशी बाटल्या विकत होता. प्रत्येक बाटलीवर स्टिकर होता, रिकामी परत दिली की डिपॉझिटचे दहा रुपये परत. आईनं घाईघाईनं सोडा संपवला, बाटली पदरानं पुसली आणि खिडकीबाहेर धरली. “अण्णा, एवढी बाटली घ्या की.” त्यानं पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं आणि पुढच्या खिडकीशी जाऊन आणखी एकाकडून डिपॉझिट घेतलं. बस सुटेपर्यंत टाळायचं, हाच त्याचा खरा धंदा. बस हलली तरी आईचा हात बाहेरच होता. “पैसं दिलं न्हाईत रं त्यानं.” सगळी बस बघायला लागली. “एवढ्यासाठी कशाला लाज काढतीस? हात आत घे,” मी तिच्यावर ओरडलो. बेळगाव येईपर्यंत आई ती बाटली मांडीवर धरून बसली. आता ती नाही. आता मी बस थांबवायला लावतो, खाली उतरतो, सोडेवाल्याच्या हातात बाटली कोंबून दहा रुपये घेतो. लोक वैतागून म्हणतात, एवढ्यासाठी कशाला. त्यांना काय सांगू, मीही हेच म्हणालो होतो.