वेल्डरचं गाणं

काल रियाधच्या घरात एक नासकं अंडं फुटलं आणि त्या वासाने मी थेट जुबैलच्या जुन्या कामगार कॅम्पवर जाऊन पोचलो, कारण तिथल्या गॅस प्लांटमध्ये वायू गळला की असाच वास यायचा. आमच्या खोलीतला फिलिपिनो वेल्डर शुक्रवारी गिटारवर एक जुनं अमेरिकन कंट्री गाणं म्हणायचा. त्याच्या वडिलांनी ते रेडिओवर ऐकून स्वतःच्या भाषेत आणलं होतं, आणि आमच्या रत्नागिरीच्या फोरमनने त्यातल्या घोड्याची होडी करून ते मराठीत आणलं. आम्ही टाळ्या वाजवत ते म्हणायचो. मग एका सकाळी टाकीत वायू गळला आणि आत काम करणारा वेल्डर तिथेच गुदमरून गेला. मायदेशी पाठवायची कागदपत्रं होईपर्यंत तो शवागारात होता. त्या आठवड्यातल्या शुक्रवारी वेल्डरच्या बायकोचा फोन फोरमनला आला, आणि त्याने तो स्पीकरवर ठेवला. "त्याचं गाणं कोणी म्हणाल का? मुलीला ऐकायचंय." फोरमन अडखळला, "सिस्टर, मला माझ्या भाषेतलंच येतं." ती म्हणाली, "चालेल." त्याने सवयीने जलद चालीत सुरुवात केली, तेव्हा तिने थांबवलं. "तो आमच्याकडे हळू म्हणायचा." फोरमनने घसा खाकरून पुन्हा संथ सुरुवात केली. टाळ्या कोणीच वाजवल्या नाहीत. दुसऱ्या कडव्याला पलीकडून मुलीचा बारीक आवाज त्यात मिसळला, तिच्या भाषेत. पुढे कधीतरी मी मूळ अमेरिकन गाणंही ऐकलं. ते फार जलद होतं, आणि कोणीतरी ते चुकीचं म्हणतंय असंच मला वाटत राहिलं.