काकूंचा हात आणि कुसुमचा चष्मा

फोन आला तेव्हा मी भिलाईतल्या कोहक्यातल्या आमच्या घराच्या गच्चीवर वड्या वाळत घालत होते. पलीकडे माझ्या बालमैत्रिणीची, कुसुमची, विद्यार्थिनी होती. "मावशी, मॅडम गेल्या. सकाळी, झोपेतच." मी आधी तिच्यावरच खेकसले, "काहीतरीच काय बोलून राहिली? परवाच तर भांडलो आम्ही फोनवर!" ती बिचारी रडायला लागली, तेव्हा मला खरं वाटलं… आता महिना उलटून गेलाय. पेपरांतून छापून आलं, मेंदूच्या रसायनशास्त्राच्या मोठ्या अभ्यासक गेल्या, आठवण नेमकी कशाची बनलेली असते हे शोधण्यात त्यांनी आयुष्य घालवलं. खरंच आहे ते. पण हा शोध सुरू कुठे झाला ते पेपरवाल्यांना कोण सांगणार? तो सुरू झाला भिलाईत, आमच्या शेजारच्या क्वार्टरच्या दाराआड.

पोलादाचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची ही गोष्ट. सगळीकडे लाल माती, सिमेंटची पोती, आणि रांगेत एकासारखी एक क्वार्टरं. झाडं अजून गुडघ्याएवढी होती, त्यामुळे खूण म्हणून काही सापडायचंच नाही. माझे बाबा एकदा शिफ्टवरून आले ते थेट शेजारच्यांकडे शिरले, हातपाय धुतले, पाटावर बसले आणि जेवायला वाढा म्हणाले. वाढायला भलतीच बाई आली तेव्हा कळलं! दुसऱ्या दिवशी आईने दारासमोरचा ड्रम निळा रंगवून घेतला. सगळेच नवे होते, कोणी भंडाऱ्याकडचे, कोणी गोंदियाकडचे, आणि प्रत्येकाला आपलं घर नव्याने शिकावं लागत होतं. त्यातच कुसुमचे वडील रेल्वे सोडून कारखान्याच्या रुळांवर कामाला आले. कुसुम दहा वर्षांची, माझ्याच वर्गातली. आणि तिची आई, आमच्या काकू. भिलाईला येण्याच्या थोडंच आधी, गावाकडे असताना, काकूंना मेंदूज्वर झाला होता. जीव वाचला, पण त्यानंतरचं काही म्हणता काही त्यांच्या डोक्यात टिकायचं नाही. माहेरच्या गाईंची नावं, लग्नातला मानपानाचा तंटा, सगळं मुखपाठ. भिलाई मात्र त्यांना रोज नवी.

"हे कोनाचं घर आहे जी? आपन घरी कधी जाऊ?" त्या विचारायच्या. काका न चिडता म्हणायचे, "जाऊ ना. उद्या जाऊ." रोज तेच.

एकदा दिवेलागणीला आम्ही दोघी त्यांच्याकडे सागरगोटे खेळत बसलो होतो. "अंधार पडून राहिला, कंदील कुठी ठेवला वं?" असं म्हणत काकू उठल्या. तोंडाने कंदील शोधत होत्या, आणि हात मात्र सरळ दाराआड गेला, बटण दाबून मोकळा झाला. कुसुमच्या हातातले सागरगोटे खाली पडले. "विमे, पाह्यलं तू?" "काय पाह्यचं त्यात?" "आमच्या गावात लाईट नोहती. मंग हे बटन मायले कोनं शिकवलं?" "मले काय माहीत? तिलेच विचार ना." तिने विचारलं. काकू शांतपणे म्हणाल्या, "कोनतं बटन?"

झालं, पोरीच्या डोक्यात किडा शिरला तो तेव्हा. तोंडाला माहीत नसलेली गोष्ट हाताला कशी माहीत? जुनं चिकटून बसतं, मग नवं कावून नाही? मला छळ छळ छळलं तिने या प्रश्नांनी. गणिताच्या तासाला, नळावर पाणी भरताना, कुठेही. मी म्हणायची, तू आणि तुझा मेंदू, दोघं जाऊन बसा चुलीत.

पण तिचं खरं दुखणं वेगळं होतं. कुसुम मोठी होऊ लागली, उंच झाली, काळ्या फ्रेमचा चष्मा आला. काकूंच्या मनात मात्र दहा वर्षांची, दोन वेण्यांची कुसुमच राहिली. एके दिवशी ती कॉलेजातून आली तर काकू अगत्याने म्हणाल्या, "बस वं बाई. आमची कुसुम येतेच शाळेतून." आणि कुसुम बसली. आईच्या शेजारी बसून स्वतःची वाट पाहिली तिने! संध्याकाळी मला म्हणाली, "मायच्या डोक्यात मले कुठीच जागा नाही का वं?" मी तिचा हात धरून बसले.

पुढे ती बाहेर शिकायला गेली, जीवरसायनशास्त्र. सुट्टीत आली की मला शिकवायची. आठवण दोन टप्प्यांत होते म्हणे. ताजी असते तेव्हा कच्ची, आणि मेंदूतल्या पेशी नवी प्रथिनं तयार करतील तेव्हा ती पक्की. "आपल्या सेक्टरच्या स्लॅबवर पानी मारायचे ना, तसं. वरून सुकल्यासारखा दिसते, पन पानी नाही मारलं तर भेगा पडतेत." नंतर आयुष्यभर तिने हेच काम केलं, कोंबडीच्या पिलांवर. चकचकीत मणी कडू औषधात बुडवून पिलापुढे धरायचा. एकदा चोच मारली की पिलू पुन्हा त्या मण्याला तोंड लावत नाही. पण प्रथिनं बनू न देणारं औषध दिलं, तर थोडा वेळ ओळखतं आणि मग विसरून पुन्हा टोचतं. मी म्हटलं, "लग्न झालेल्या बायाईले कोनी देते काय वं ते औषध? तरीच सासर सोडत नाहीत!" हसून हसून तिला ठसका लागला.

अशाच एका सुट्टीत मला एक गोष्ट दिसली. काकू कुसुमला विचारत होत्या, "कोनाची वं पोरी तू?" आणि विचारता विचारता त्यांनी तिच्या नाकावरचा चष्मा काढला, काचांवर तोंडाची वाफ दिली, पदराने पुसला आणि परत चढवला. मी ओरडलेच. कुसुम म्हणाली, "त्यात काय? रोजच पुसते. कोनाचाही पुसल." शास्त्रज्ञ ना! मी म्हटलं, थांब. बाबांचा चष्मा आणला, त्याला बेसनाचा हात लावला आणि घालून काकूंपुढे बसले. तशी मीही त्यांना रोजची अनोळखीच. काकू म्हणाल्या, "चष्मा पुस ना बाई, दिसते कसं तुले?" हात मात्र मांडीवरच. मग कुसुमचा चष्मा मी घातला. नाही पुसला. शेवटी कुसुमने माझ्या बाबांचा तो बेसनाचा चष्मा घातला आणि समोर बसली… काकूंचा हात उचलला गेला. चष्मा काढला, वाफ दिली, पदराने पुसला. "कोनाची वं पोरी तू?"

कुसुम उठून मागच्या अंगणात गेली. मी गेले तर भिंतीला टेकून रडत होती, आणि हसतही होती. "विमे, मायच्या तोंडाले मी माहीत नाही. हाताले माहीत आहो."

नंतर मी तिला कितीदा म्हटलं, हे लिही की कुठेतरी. ती म्हणे, एका माणसावरून सिद्धांत मांडत नसतात. काकू गेल्या, कुसुमचे केस पांढरे झाले, मान मिळाले, आणि फोनवरची आमची भांडणं शेवटपर्यंत चालू राहिली.

पंधरवड्यापूर्वी तिची विद्यार्थिनी मुद्दाम भिलाईला येऊन तिचा चष्मा मला देऊन गेली. "मॅडम एवढ्या टापटिपीच्या," ती म्हणाली, "पण चष्मा कधी पुसायच्या नाहीत. आम्ही किती ओरडायचो. म्हणायच्या, राहू द्या." काचा बोटांच्या ठशांनी नुसत्या भरल्या आहेत. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक नाही, मला घाण बघवत नाही. रोज सकाळी कपाट पुसताना तो हातात घेते, पदराचं टोक काचेपर्यंत नेते, आणि मग तसाच खाली ठेवते. ते काम काकूंचं आहे.